ताटाची डावी बाजू

पत्र

मावशी, नमस्कार.

मी नाशिकला सिडकोत राहते. वय ३९. शिवणकाम करते आणि आमच्या बचत गटाची सचिव आहे. माझी थोरली बहीण गेल्या वर्षी श्रावणात गेली. ४४ वर्षांची होती. त्याआधी तीन वर्षं तिच्या स्तनातली गाठ काढली होती. किमो झाली, लाईट (रेडिएशन) झाली, केस परत आले आणि आम्ही समजलो, सुटलो. तिच्या सासरच्यांनी हे बाहेर कुणाला कळू दिलं नाही, कारण पुतणीचं लग्न व्हायचं होतं. पुढे ती लोकं नवीन घरी राहायला गेली, तिथल्या डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

आखाजी झाल्यावर तिचं सकाळी डोकं दुखायला लागलं. उठल्या उठल्या उलटी, दुपारपर्यंत जरा बरं. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. मग चष्म्याचा नंबर बदलून झाला. मग कुणीतरी त्र्यंबकेश्वरला शांत करा म्हणालं, तीही झाली. जेवताना ती भाजी-पोळी खायची, पण चटणी आणि कोशिंबीर ताटात तशीच राहायची. आई म्हणायची, हिच्या तोंडाची चव गेली. आषाढी एकादशीला सकाळी ओट्यापाशी फिट येऊन पडली. शेजाऱ्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला, दातांत चमचा घातला, त्यात एक दात तुटला. एमआरआय केला तर मेंदूत चार गाठी. स्तनाचाच कॅन्सर तिथे पोचला होता. पाच आठवड्यांत सगळं संपलं.

मला हे बचत गटात सांगायचं आहे. सासूबाई म्हणतात, घरात दोन मुली आहेत, घराण्यावर शिक्का बसेल. भाऊ म्हणतो, बायकांना उगाच घाबरवशील, डोकं कुणाचं दुखत नाही? दाजी तर तिची फाईलसुद्धा गोदावरीत सोडायची म्हणतात. मी बोलू का? बोलले तर काय बोलू? आणि आम्ही वेळेत ओळखलं असतं तर ती वाचली असती का?

एक बहीण, सिडको, नाशिक

उत्तर

तू मला मावशी म्हणालीस, तेव्हा मीही अगं-तुगं करते. पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ताटापाशी अडकले.

आपल्याकडे ताट वाढायची पद्धत ठरलेली. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डाव्या हाताला. भाज्या, आमटी उजव्या हाताला. तुझ्या बहिणीनं खाल्लं ते उजवीकडचं आणि राहिलं ते डावीकडचं. तोंडाची चव गेलेलं माणूस उलट चटणी-लोणचंच आधी ओढतं. मेंदूच्या उजव्या अर्ध्यात, कानाच्या वर थोडी मागे, एक जागा अशी आहे की तिला धक्का लागला की डावीकडचं जग माणसाच्या हिशेबातूनच निघून जातं. डोळे शाबूत असतात, पण लक्ष तिकडे वळतच नाही. दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटतो, गाडी डाव्या अंगाला घासते, डाव्या खांद्यावरचा पदर ओघळला तरी पत्ता नसतो. चष्म्याचा नंबर बदलून यात काय फरक पडणार?

कर्करोग विभागात परिचारिका म्हणून मी २६ वर्षं काढली. वॉर्डातले एक काका असेच अर्धं जेवायचे. एका दुपारी मी त्यांचं ताट जागच्या जागी अर्धं फिरवलं. ते म्हणाले, "अरे वा, कोशिंबीर आत्ता वाढलीत होय?" आणि सगळी संपवली. शेजारी त्यांची बायको उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. महिनाभर ती त्यांना ताटात टाकल्याबद्दल रागावत होती.

आता तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण रात्री तोच तुला जागं ठेवत असणार.

मेंदूत पोचलेला कॅन्सर हा चौथ्या टप्प्यातला आजार. तो मुळासकट निघून गेला, असं क्वचितच होतं. म्हणून "नक्की वाचली असती" असं मी तुला सांगणार नाही. पण हातात काहीच नव्हतं, हेही खरं नाही. गाठीभोवती जी सूज येते ती डेक्सामेथासोन नावाच्या स्टिरॉइडनं बऱ्याचदा एक-दोन दिवसांत उतरायला लागते, डोकेदुखी आणि उलट्या कमी होतात. गाठी थोड्या आणि लहान असल्या तर नेमक्या त्या गाठीवरच जोरकस किरण सोडता येतात. त्यातल्या गॅमा नाइफ नावाच्या यंत्राची सुरुवात १९६८ साली स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल या मेंदूच्या सर्जननं केली. नावात सुरी आहे, पण कापाकापी काही नाही. आता साध्या रेडिएशनच्या आधुनिक मशिनवरही हे काम होतं. एकच मोठी गाठ असेल आणि जागा सोयीची असेल तर ऑपरेशन करतात. गाठी फार असल्या तर पूर्ण मेंदूला लाईट देतात. त्यानं स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ते ठरवताना डॉक्टर बराच विचार करतात. आणि गेल्या काही वर्षांत मेंदूपर्यंत पोचणारी औषधं आली आहेत. हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी टुकाटिनिब, फुप्फुसाच्या काही प्रकारांसाठी ओसिमर्टिनिब आणि अ‍ॅलेक्टिनिब. महाग आहेत, सगळ्यांना लागू पडतात असंही नाही. पण ज्यांना लागू पडतात त्यातली काही माणसं वर्षानुवर्षं घरात वावरतात, स्वयंपाक करतात, मुलांचा अभ्यास घेतात.

दोन महिने आधी कळलं असतं तर तुझ्या बहिणीला बरे दिवस मिळायची शक्यता वाढली असती. इतकं मी म्हणते, जास्त नाही. तुला हळहळ वाटणारच. पण आईनं, तू, दाजींनी तिला हातानं घालवलं, असं मनात आणू नकोस. माझे धाकटे दीर. सहा वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. एके दिवशी ते नेहमीच्या गल्लीत घर विसरले, मग विळीला किसणी म्हणायला लागले. मी म्हटलं, वय झालं, रिटायर झाल्यापासून सुस्तावलेत. कॅन्सरच्या वॉर्डातून घरी आलेली मी, आणि माझ्याच घरात तीन आठवडे हे म्हणत होते. मूत्रपिंडाचा कॅन्सर ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी असा मेंदूत डोकं वर काढू शकतो, हे मला पाठ होतं. आपल्या माणसाच्या बाबतीत डोळ्यांवर झापड येते गं. त्यासाठीच तर बोलायचं.

हो, बोल. आता काय आणि कुणाला, ते सांगते.

तुझ्या पत्रात एक वाक्य तू सहज लिहून गेलीस: तिथल्या डॉक्टरांनाही सांगितलं नाही. सगळं तिथे आहे. त्या डॉक्टरांवर राग धरू नकोस. चाळिशीतली बाई येते, सकाळी डोकं दुखतं, उलटी होते म्हणते. अशा बायका त्यांच्याकडे रोज येतात आणि बहुतेकींना खरंच पित्त, अर्धशिशी, नाहीतर रक्तदाब असतो. समोर बसलेल्या या एका बाईला तीन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, एवढी एक गोष्ट कानावर पडली असती, तर त्यांचा हात पित्ताच्या गोळीकडे जाण्याआधी थांबला असता. पुतणीच्या लग्नासाठी जे झाकलं ते दवाखान्याच्या खुर्चीतही झाकलेलंच राहिलं. आणि आज सासूबाई तुला तेच करायला सांगताहेत, तुझ्या मुलींच्या लग्नासाठी.

त्यांच्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. लोक बोलतात, स्थळं अडतात, मी पाहिलंय. पण त्यांना शांतपणे दोन गोष्टी सांग. कॅन्सर मेंदूत पोचणं हे आनुवंशिक नाही, ते मुलींकडे येत नाही. स्तनाचा कॅन्सरसुद्धा शंभरातल्या जेमतेम पाच ते दहा जणींच्याच बाबतीत घराण्यातून आलेला असतो. आणि ज्या घरात तो खरंच घराण्यातून आलेला असतो, तिथे लपवण्यानं नुकसान मुलींचंच होतं. यावर पुढे येते, कारण तुझ्याशी याबद्दल वेगळं बोलायचं आहे.

भावाचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. डोकं सगळ्यांचं दुखतं. बचत गटात उभी राहून "डोकं दुखलं की एमआरआय करा" म्हणालीस तर महिनाभरात निम्म्या बायका कर्ज काढून स्कॅन करून येतील आणि घाबऱ्याघुबऱ्या होतील. ज्यांना कधी कॅन्सर झालेला नाही त्यांच्या डोकेदुखीमागे हे कारण अगदी विरळा. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या पण आता काहीच त्रास नसलेल्या बाईलाही उठून मेंदूचा स्कॅन करायची गरज नसते, डॉक्टर तसं सांगत नाहीत. फुप्फुसाच्या कॅन्सरचं वेगळं. त्यात बऱ्याच रुग्णांचा मेंदू डॉक्टर सुरुवातीलाच तपासून घेतात. तेव्हा तुझं बोलणं दोन प्रकारच्या माणसांसाठी आहे: ज्यांना कॅन्सर होऊन गेलाय ते, आणि जे त्यांच्यासोबत जेवायला बसतात ते. हे दुसरे जास्त महत्त्वाचे. ज्याच्या ताटात कोशिंबीर राहते त्याला स्वतःला ते कळत नाही.

त्यांना समजावायचं कसं? बायकांना शेतीतलं पटकन कळतं. १८८९ साली स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जननं स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या ७०० हून अधिक बायकांच्या नोंदी तपासल्या. त्याला दिसलं की कॅन्सर वाटेल तिथे पसरत नाही, काही अवयवांत पुन्हा पुन्हा सापडतो. त्यानं म्हटलं, हे बी आणि मातीसारखं आहे. बी वाऱ्यानं सगळीकडे उडतं, उगवतं मात्र आपल्याला मानवणाऱ्या रानातच. निफाडच्या काळ्या रानात जे तरारतं ते इगतपुरीच्या भातखाचरात धरत नाही, हे तुमच्या गटातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड आणि मेलानोमा हा कातडीचा एक कॅन्सर, यांच्या पेशींना मेंदूची माती मानवते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचंही कधी कधी असं होतं. फुप्फुसाचा तर रस्ताच जवळचा. फुप्फुसातून निघालेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येतं आणि तिथून थेट शरीरभर, मेंदूकडेही. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तातला सुमारे १५ ते २० टक्के वाटा तो एकटा घेतो. त्यात एखादी पेशी वाहत आली तर नवल नाही. आणि हो, फुप्फुसाचा कॅन्सर म्हणजे विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच, हाही गैरसमज काढून टाक. कधी विडीला हात न लावलेल्या बायकांना तो होतो, आणि त्यांच्यात सापडणारे काही प्रकार मेंदूत जास्त जाणारे असतात.

हेही सांग की याला "मेंदूचा कॅन्सर झाला" म्हणत नाहीत. स्तनाचाच कॅन्सर, फक्त मुक्काम मेंदूत. मोठ्या माणसांत मेंदूतच सुरू झालेल्या कॅन्सरपेक्षा असा बाहेरून आलेलाच जास्त दिसतो. डॉक्टरांच्या कागदावर "ब्रेन मेट्स" असं लिहिलेलं असतं. नाव वेगळं वाटलं की घरचे नवा आजार समजतात आणि जुनी फाईल कपाटातच राहते. उपचार तर त्या जुन्या फाईलवरूनच ठरतात.

गटात एखादी हमखास म्हणेल, आमच्या वहिनीचा सहा महिन्यांपूर्वीचा पेट स्कॅन स्वच्छ होता, मग कसं शक्य आहे? शक्य आहे. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं औषध देतात आणि ते खाणारी जागा उजळते. मेंदू मुळातच साखरेवर चालतो, त्यामुळे सगळाच उजळलेला दिसतो आणि त्यात बारीक गाठ हरवून जाते. मेंदूसाठी शिरेतून औषध देऊन केलेला एमआरआयच लागतो. साध्या सीटी स्कॅनमध्येही लहान गाठ निसटू शकते. दुसरं असं की मेंदूच्या रक्तवाहिन्यांना निसर्गानं एक पक्का बांध घातलेला आहे, किमोची बरीच औषधं तो ओलांडू शकत नाहीत. त्यामुळे बाकी शरीरात सगळं काबूत आणि मेंदूत मात्र गाठ वाढतेय, असं घडतं. त्यात औषध घेणाऱ्याचा काही दोष नाही.

लक्षणांची यादी वाचून दाखवू नकोस, कुणाच्या लक्षात राहत नाही. गोष्टी सांग. तुझ्या बहिणीच्या ताटाची सांग. मी विळी आणि किसणीची सांगितली, तीही सांग. डोक्याच्या मागच्या बाजूला छोटा मेंदू असतो, त्यात गाठ असली की माणूस चालताना झोकांड्या खातं आणि शेजारी म्हणतात, प्यायलाय. कपाळामागे असली तर आयुष्यभर शिवी न दिलेली बाई सुनेला वाट्टेल ते बोलते, आंघोळ टाळते, दिवसभर शून्यात बघत बसते. मग कुणी म्हणतं नैराश्य, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. एका हातातून कप सुटायला लागतो. ब्लाऊजचं हूक जमेनासं होतं. आणि ती सकाळची डोकेदुखी. रात्रभर आडवं झोपल्यानं डोक्यातला दाब वाढतो, म्हणून उठताना दुखणं जास्त, उलटी झाली की जरा हलकं. पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसात असं काहीही नवं दिसलं आणि आठ-दहा दिवसांत ते वाढतच गेलं, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायचं. फिट आली, अंगाची एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं, तर दिवस मोजायचे नाहीत, त्याच क्षणी १०८ ला फोन.

त्र्यंबकेश्वरच्या शांतीबद्दल बायका विचारतील. कुणाच्या श्रद्धेला हात लावू नकोस. एवढंच म्हण की स्कॅन आधी, शांत नंतर. देव थांबतो.

फिटचं मात्र तू जरूर दाखव, एखादीला सतरंजीवर झोपवून प्रत्यक्ष दाखव, कारण कांदा आणि चप्पल अजून घराघरात आहे. फिट आली की माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली घडी घातलेली चादर किंवा ओढणी, आजूबाजूची विळी, स्टोव्ह, स्टूल दूर सारायचं आणि घड्याळ बघायचं. तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. दाबून धरायचं नाही. कांद्यानं फिट थांबत नाही, ती आपोआप थांबते, म्हणून कांद्याला श्रेय मिळतं. पाच मिनिटांत थांबली नाही तर धोका मोठा. थांबली तरी पहिलीच फिट असेल तर दवाखान्यात न्यायचंच. आणि त्यानंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटीची किल्ली काढून घ्यायची. यावर घरोघरी भांडणं होतात, होऊ देत.

मेडिकलवाल्याला आणि चष्म्याच्या दुकानदारालाही सांगून ये. तुझी बहीण कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पोचण्याआधी त्या दोघांकडे पोचली होती. "याआधी कधी मोठं आजारपण, ऑपरेशन?" एवढं त्यांनी विचारलं तरी पुष्कळ. आणि मेडिकलवाल्याला हेही सांग की डेक्साच्या, म्हणजे त्या डेक्सामेथासोनच्या, गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. बरं वाटतं म्हणून रुग्ण त्या मनानं वाढवतात, नाहीतर एकदम बंद करतात. दोन्ही धोक्याचं. साखर चढते, झोप उडते, आणि अचानक सोडल्या तर माणूस कोसळू शकतं.

आता तुझ्या हातातलं एक काम. तू शिवणकाम करतेस. ब्लाऊजपीसचे उरलेले तुकडे घेऊन पाकिटात मावेल अशा लहान पिशव्या शिव. आत एक घडीचा कागद. त्यावर कुठला कॅन्सर, कुठल्या वर्षी, काय ऑपरेशन, कुठली औषधं आणि लाईट, डॉक्टरांचा नंबर. स्तनाचा असेल तर आणखी तीन शब्द: ईआर, पीआर (हे दोन गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगतात), हर-टू, आणि प्रत्येकापुढे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. बायॉप्सीच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असलेल्या बायकांमध्ये मेंदूत जाण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून त्यांच्या घरच्यांनी जरा जास्त सावध राहायचं. संक्रांतीचं वाण म्हणून ही पिशवी दे. त्या हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या बायकांनाही बोलाव, कॅन्सर घरात जवळून बघितलेला असतो तो बऱ्याचदा त्यांनीच. ज्यांना कागद लागणार नाही त्या पिशवीत सुपारी ठेवतील, काही बिघडत नाही. दवाखान्याच्या खुर्चीत बसल्याबरोबर जिभेनं सांगायचा धीर झाला नाही, तरी ती पिशवी टेबलावर ठेवता येते. बाहेर बाकावर ओळखीचे लोक बसलेले असतात, त्यांच्या कानावर जाईल म्हणून किती बायका आत गप्प बसतात, मला ठाऊक आहे.

पैशांचा प्रश्न निघेलच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात कॅन्सरचेही आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जायचं. शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात कर्करोगाचा विभाग आहे. धुळे-नंदुरबारकडची माणसं कॅन्सरसाठी नाशिकला येतात, आणि आपण सिडकोतले मात्र कळल्यावरही महिनाभर घरातच चर्चा करत बसतो. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवायचं ठरलं तर सकाळची पंचवटी दादरला सोडते, आणि कर्करुग्णाला व सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते.

हे झालं गटाचं. आता तुझं.

तुझ्या सख्ख्या बहिणीला ४१ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. पूर्ण पत्रात तू स्वतःच्या तपासणीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस. तू ३९ ची आहेस. या महिन्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा सर्जनकडे जा, आणि खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच म्हण: माझ्या बहिणीला ४१ व्या वर्षी कॅन्सर झाला होता. तपासणी कधी, कशी, जनुकीय चाचणी करायची का, हे ते ठरवतील. पन्नाशीच्या आत कॅन्सर झालेल्या बाईच्या घरात हा प्रश्न विचारायलाच हवा. सासूबाईंनाही बरोबर ने. त्यांना मुलींची काळजी आहे ना, मग मुलींच्या आईला आधी तपासू दे.

आणि फाईल गोदावरीत सोडू नका. दाजींचं मन मला कळतं, रोज कपाट उघडलं की समोर ती दिसत असेल. त्यांना म्हण, माझ्याकडे द्या, मी ठेवते. तिच्या पोटी मुलगी असेल तर पंधरा-वीस वर्षांनी एखादी डॉक्टर तिला विचारेल, आईला नक्की काय होतं? तेव्हा "कॅन्सर होता, डोक्यात गेला" एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही. ज्या लॅबमध्ये बायॉप्सी झाली तिथे गाठीचा मेणातला तुकडा जपून ठेवलेला असू शकतो, तोही कधी कामाला येतो, म्हणून लॅबचा पत्ता आणि नमुन्याचा नंबर असलेला कागद वेगळा काढ. नाशिकच्या पावसाळ्यात खालच्या कप्प्याला ओल येते. प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर ठेव, बायॉप्सीचा कागद सगळ्यात वर.